पोराला ट्रॅक्टर येतो, म्हणूनच सांगतोय



आज खोडव्यातल्या पाचटाबद्दल लिहायचं ठरवलं होतं. फोटोही काढून ठेवलेत. पण परवा रात्री गावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितला असेल, कारण असले व्हिडिओ हंगामात दर आठवड्याला येतात. तेरा-चौदा वर्षांचा पोरगा, मिसरूड फुटलेलं नाही, दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन कारखान्याच्या रस्त्याला लागलाय. मागं गाणं लावलंय. क्लच दाबायला त्याला सीटवरून अर्धं उठावं लागतंय, ते स्पष्ट दिसतं. खाली लोकांनी लिहिलंय, "वाघ", "बापाचं नाव काढणार", "शेतकऱ्याच्या पोराला लायसन लागत नसतं". हे शेवटचं वाक्य लिहिणारा कृषी पदवीधर आहे. मी त्याला शिकलेला समजत होतो.

मी तिथं एवढंच लिहिलं की हा व्हिडिओ काढून टाका आणि पोराला खाली उतरवा. त्यावर एकानं विचारलं, "तात्या, तुम्ही तुमच्या पोराला कितव्या वर्षी बसवला होता?"

प्रश्न बरोबर आहे. विचारणाऱ्याला उत्तर माहीत होतं, म्हणूनच त्यानं विचारलं. ग्रुपवर मी गप्प बसलो. इथं सांगतो.

मी माझ्या पोराला बाराव्या वर्षी मांडीवर घेऊन स्टेअरिंग धरायला दिलं. चौदाव्या वर्षी तो एकटा रोटर मारायचा. पंधराव्या वर्षी सरी सोडायचा, आणि माझ्यापेक्षा सरळ सोडायचा. खोटं कशाला सांगू, मला अभिमान होता. पाहुणे आले की मी मुद्दाम त्यालाच ट्रॅक्टर शेडमध्ये लावायला सांगायचो.

२०१७ च्या हंगामात, डिसेंबरमध्ये, आमचा ड्रायव्हर दोन दिवस तापानं झोपला. टोळीनं दोन्ही ट्रॉल्या भरून ठेवल्या होत्या. फडात भरलेला ऊस उभा राहिला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. वाळतो, वजन घटतं, टोळीवाले ओरडतात, चिटबॉय फोनवर फोन करतो. पोरगा अकरावीला होता, साडेसोळा वर्षांचा. मी म्हटलं, "तू घे, मी मोटारसायकलवर मागनं येतो." किल्ली मी माझ्या हातानं दिली.

संध्याकाळी साडेसहाची वेळ, अंधार पडलेला. आमचा शेतरस्ता डांबरी रस्त्याला जिथं मिळतो तिथं जरा चढ आहे आणि एका बाजूला उसाचा फड, त्यामुळं येणारं काही दिसत नाही. पोरानं लो गियरमध्ये, न थांबता, सुरेख वळण घेतलं. पहिली ट्रॉली वळली. दुसरी ट्रॉली रस्त्यावर आडवी होती तेव्हा डेअरीला दूध घालून परत निघालेला एक माणूस एम-८० वर आला. त्याला ट्रॅक्टरचे दिवे पुढं गेलेले दिसले, आणि त्यानं धरलं की गाडी गेली. ट्रॉलीला ना दिवा होता, ना रेडियम. तो सरळ ट्रॉलीवर आला. रात्री दीड वाजता जिल्ह्याच्या दवाखान्यात वारला. कॅनॉलपलीकडच्या गावचा. बायको आणि दोन मुली, धाकटी चौथीत.

आता नीट ऐका, कारण मी एवढ्याचसाठी लिहायला बसलोय.

पोराचं चालवणं चुकलं नव्हतं. गियर बरोबर, वेग बरोबर, वळण बरोबर. पण आमचा तापानं झोपलेला ड्रायव्हर त्या जागी आला की दर खेपेला ट्रॅक्टर थांबवायचा, क्लीनर नाहीतर टोळीतला एखादा माणूस बॅटरी घेऊन डांबरीवर उभा करायचा, आणि त्यानं हात केला की मगच चढ चढायचा. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. अठरा-वीस वर्षं रस्त्यावर काढल्यावर अंगात भीती मुरते, ती भीती त्याच्याकडं होती. साडेसोळा वर्षांच्या पोराकडं हात होता, भीती नव्हती. आणि मी? मी मागं मोटारसायकलवर बसलो होतो, माझ्या मोटारसायकलला दिवा होता, मी पुढं जाऊन उभा राहू शकलो असतो. मला सुचलं नाही. मी पोराचं वळण बघत होतो.

म्हणून जो कुणी मला म्हणतो, "तात्या, आमच्या पोराला ट्रॅक्टर चांगला येतो," त्याला मी सांगतो, माझ्याही पोराला येत होता. येत नसता तर मी किल्ली दिली नसती, आणि तो माणूस घरी गेला असता.

त्या रात्रीचं अजून एक सांगायचं राहिलं. दवाखान्याच्या आवारात माझा मेव्हणा मला बाजूला घेऊन म्हणाला, "दाजी, ड्रायव्हरचं नाव सांगूया. त्याच्याकडं लायसन हाय, विमा सगळा भरंल, पोराचं शिक्षण वाचंल." ड्रायव्हरला फोनही झाला. तो तापात म्हणाला, "मालक, माझ्या नावावर घाला." मी लगेच नाही म्हटलं नाही. तास-दीड तास त्याच विचारात बसलो होतो. शेवटी नाही म्हटलं ते काही मी हरिश्चंद्र आहे म्हणून नाही. टोळीतल्या लोकांनी आणि मागनं आलेल्या दोघांनी पोराला ट्रॅक्टरवर बघितलं होतं, म्हणून.

२०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या पोरानं पोर्शे गाडीनं दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं. त्याच दिवशी त्याला जामीन मिळाला आणि ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, ते अख्ख्या देशानं ऐकलं. पुढं गाडी ड्रायव्हर चालवत होता असं दाखवण्यासाठी ड्रायव्हरवर दबाव आणल्याचा आरोप पोलिसांनी घरच्यांवर ठेवला. आमच्या पारावर तेव्हा चार दिवस दुसरा विषय नव्हता. "श्रीमंताच्या पोराला निबंध, आमच्या पोराला पावती." मीही रागानं बोललो. पण ड्रायव्हरची बातमी आली तेव्हा मी उठून घरी गेलो. तो दवाखान्याचा आवार डोळ्यापुढं आला. गाडी कोट्यवधीची असो नाहीतर कर्जावर घेतलेला पन्नास एचपीचा ट्रॅक्टर असो, बापाच्या डोक्यात पहिला विचार तोच येतो. मग पारावर बसून त्याला शिव्या देणाऱ्या आपल्यापैकी किती जणांच्या शेडमध्ये आज किल्ली पोराच्या हाती आहे, तेही मोजा.

आता कायद्याचं. मी दहावी पास आहे, वकील नाही. पण तीन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढल्यावर काही कलमं पाठ होतात.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. कलम ४ म्हणतं, १८ वर्षांच्या आत सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवायचं नाही. ट्रान्सपोर्ट गाडीला तर २०. ट्रॅक्टर या कायद्यात हलक्या मोटारीच्या वर्गात येतो, म्हणजे त्याला लायसन लागतंच. "शेतकऱ्याला माफ हाय" असं कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही. स्वतःच्या रानात चालवताना हे कलम आडवं येत नाही, हे खरं. पण आपलं रान आणि आपली गव्हाण यांच्या मधे डांबरी असते. आणि भाड्यानं दुसऱ्याचा ऊस ओढायला लागलात की तुम्ही शेतकरी का वाहतूकदार, हा प्रश्न समोरचा वकील विचारतोच.

२०१७ ला माझ्यावर कलम १८० लागलं, बिगरलायसन माणसाच्या हाती गाडी दिल्याचं. तेव्हा त्याचा दंड होता जास्तीत जास्त १,००० रुपये. एका माणसाचा जीव गेला आणि मालक म्हणून माझ्याकडनं सरकारनं हजार रुपये घेतले. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकतो.

२०१९ ला कायदा बदलला. आता कलम १९९-अ आहे. पोरगा १८ च्या आतला असेल तर गुन्हा बापाचा नाहीतर गाडीच्या मालकाचा धरायचा. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. आणि त्या पोराला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन नाही. "मला न विचारता घेऊन गेला" म्हणायचं असेल तर ते सिद्ध तुम्ही करायचं, कोर्ट आधी धरून चालणार की तुमच्या संमतीनंच नेली.

२५ वर्षांपर्यंत लायसन नाही, याचा अर्थ आपल्याकडं काय होतो? शहरातल्या पोराला रिक्षा आहे, बस आहे. आपल्या पोराला लायसन म्हणजे भाकरी. चालक पोलीस भरतीला लायसन लागतं. एमआयडीसीत पिकअपवर राहायचं तर लायसन लागतं. उद्या शेती परवडेना म्हणून जेसीबीवर जायचं तरी लायसन लागतं. एका खेपेसाठी तुम्ही पोराची सात-आठ वर्षं घालवता, आणि व्हिडिओखाली "वाघ" लिहिता.

पैशाचंही ऐका, कारण आपल्याला पैशाचं लवकर कळतं. दावा लागला २०१८ ला, निकाल झाला २०२१ ला. अकरा लाख आणि त्यावर व्याज. विमा होता माझा, हप्ता चुकवला नव्हता. पण चालवणाऱ्याकडं लायसन नव्हतं, म्हणून कोर्टानं कंपनीला सांगितलं की त्या बाईला पैसे आधी तुम्ही द्या आणि मग मालकाकडनं वसूल करा. त्या बाईला पैसे मिळाले ते बरोबरच झालं. कंपनीनं माझ्याकडनं वसूल केले, तेही बरोबरच. ट्रॉलीचा विमा वेगळा भरायचा असतो, हे मला कंपनीच्या वकिलाच्या तोंडून कोर्टात कळलं. तुमच्यापैकी किती जणांनी ट्रॉलीचा भरलाय? उद्या सकाळी कागद काढून बघा. ओढ्याकडच्या तुकड्यातले चौदा गुंठे मी विकले. ते रान कसं होतं ते या पेजवरच्या जुन्या लोकांना माहीत आहे, तिथल्या आडसालीचे फोटो मी टाकायचो. तिथं ऊस आता दुसऱ्याचा आहे आणि चांगला आहे.

"ड्रायव्हर मिळत नाही हो तात्या." माहीत आहे. मिळाला तर आधी उचल मागतो. उचल घेऊन मुकादम पळतो तसा ड्रायव्हरही पळतो. ट्रॅक्टरचा हप्ता सहा महिन्याला येऊन उभा राहतो. खेपेमागं ड्रायव्हरला जे द्यावं लागतं ते वाचलं तर डिझेल निघतं. हा हिशेब मी केलेला आहे, त्यामुळं तो मला सांगू नका. दोन दिवसाच्या दोन खेपांचे पैसे वाचवायला गेलो आणि चौदा गुंठे गेले. ड्रायव्हर नसेल त्या दिवशी ट्रॉली उभी राहू दे. वाळून किती टन घटेल? एक? दीड? घटू दे.

ज्यांना ट्रॅक्टर म्हणजे मोठी मोटारसायकल वाटते त्यांच्यासाठी थोडं तांत्रिक. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पायडल असतात, डाव्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. रानात बांधाला वळताना एकच दाबतो, म्हणजे जागेवर वळतो. रस्त्यावर येताना दोन्ही पायडल पट्टीनं जोडून घ्यायचे असतात. रानात वाढलेला पोरगा पट्टी जोडत नाही, कारण त्याला रानात ती कधी लागली नाही. रस्त्यावर वेगात अचानक एका बाजूचा ब्रेक दाबला की ट्रॅक्टर गरकन फिरतो. ट्रॉल्यांना बहुतेक ब्रेक नसतातच. दोन ट्रॉल्या मिळून वीस टन ऊस आमच्याकडं नित्याचा, ट्रॅक्टर स्वतः दोन-सव्वादोन टनाचा. उताराला कोण कुणाला ओढतंय, तुम्हीच सांगा. त्यात डिझेल वाचवायला न्यूट्रल करायची सवय. चढाला पुढची चाकं उचलतात, मग पुढं दोन पोरं वजनाला बसवतात. याचेही व्हिडिओ आहेत, त्यालाही "वाघ" म्हणतात.

रानातला धोका वेगळा. तिथं पोलीस नाही, कलम नाही, पण पीटीओचा शाफ्ट आहे आणि त्यावरचं प्लास्टिकचं कव्हर आपण पहिल्या वर्षीच काढून टाकतो. रोटरवर वजन म्हणून पोरगा उभा करणं, मडगार्डवर धाकट्याला बसवून नांगरायला जाणं, हे सगळं बंद करा. यावर सविस्तर पुन्हा लिहीन.

गेल्या वर्षी याच विषयावर मी दोन ओळी लिहिल्या होत्या तेव्हा एका वाचकानं लिहिलं होतं की अमेरिकेत शेतकऱ्यांची पोरं चौदाव्या वर्षी गाडी चालवतात. त्यांनी चूक सांगितलं नाही. कॅन्सस राज्यात १४ व्या वर्षी फार्म परमिट मिळतं. पण परमिट मिळतं म्हणजे आधी परीक्षा होते, कागद हातात येतो, आणि कुठं जायचं, बरोबर कोण बसवायचं यावर बंधनं असतात. शेतीच्या कामाला आणि शाळेला जायचं, मित्रांचं टोळकं बसवून हिंडायचं नाही. तिथं आधी कागद आणि मग किल्ली. आपण त्यांचं वय उचलतो, कागद तिथंच ठेवतो.

मग आपल्याकडंही १६ ला ट्रॅक्टरचं वेगळं लायसन काढावं का, असं मला दोघा-तिघांनी विचारलंय. माझं मत, नको. कारण तपासणार कोण? माझं स्वतःचं लायसन १९९४ ला निघालं. फॉर्म भरला, फोटो दिले, मधल्या माणसाला पैसे दिले. ट्रॅक्टरवर बसून दाखव असं मला कुणी म्हटलं नाही. माझ्या वयाच्या अर्ध्या लोकांची हीच गोष्ट असेल. आधी १८ ची परीक्षा खरी घ्या, मग १६ चं बोलू.

१६ चं एक लायसन तसं कायद्यात आहेच. ५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलला, पालकाच्या सहीनं. आणि इथं आपल्या गावागावातला मोठा गैरसमज आहे, तो शिक्षकांनाही आहे. लोक म्हणतात, "स्कूटीला गियर नसतो, १६ ला चालते." चालत नाही. प्रश्न इंजिनाचा आहे. लुना ५० सीसीची होती, कायदा झाला तेव्हा असल्या गाड्या दारोदार होत्या. आज शोरूममध्ये जाऊन ५० सीसीची पेट्रोल गाडी मागून बघा, विकणारा पोरगा तुमच्या तोंडाकडं बघत राहील. आताची स्कूटर ११० ची, एक्सएल सुद्धा १०० ची. म्हणजे सरकारनं १६ वर्षांच्या पोराला अशा गाडीचा परवाना ठेवलाय जी बाजारात नाही. १९९४ नंतर कितीदा कायदा दुरुस्त झाला, ही ओळ तशीच राहिली. एकतर ती काढा, नाहीतर तिच्यात आजची एखादी हळू चालणारी गाडी बसवा. मधल्या मधे लटकवू नका.

आणि हे लिहिताना मला माझी पुतणी दिसते. अकरावीला आहे, कॉलेज तालुक्याला, चौदा किलोमीटर. सकाळी साडेसहाची एसटी आहे, मग एकदम दहाची. कॉलेज साडेसातला भरतं आणि साडेबाराला सुटतं, परत यायला गाडी तीनला. अडीच तास पोरीनं स्टँडवर बसायचं. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, मुलांना सवलत आहे, चांगली गोष्ट आहे. पण पास एसटीत बसल्यावर दाखवायचा असतो. एसटीच नसेल तर तो दप्तरात ठेवायचा. २०२१-२२ च्या संपात महिनोनमहिने गाड्या बंद होत्या, तेव्हा आमच्या भागातल्या किती आईबापांनी पोरांना जुन्या गाड्या घेऊन दिल्या, ते मी बघितलंय. संप मिटला, बऱ्याच फेऱ्या पूर्वीसारख्या झाल्या नाहीत आणि पोरं गाडीवरनं उतरली नाहीत. माझ्या भावानंही पुतणीला स्कूटर दिली होती. मी भांडलो. भाऊ म्हणाला, "दादा, तू रोज नेऊन सोडणार हाईस का?" मी म्हटलं, सोडतो. जूनपासून रोज पहाटे सोडतोय. हे सगळ्यांना जमणार नाही, मलाही मार्चपर्यंत जमेल का ठाऊक नाही. म्हणून पोलिसांनी कॉलेजच्या फाटकावर पावत्या फाडल्या की प्रश्न सुटला असं समजू नये. फाडायच्याच असतील तर खऱ्या फाडा. पावती न फाडता "समजून घेतलं" की पोरगा घरी येऊन बापाला सांगतो, शंभरात काम झालं. त्या दिवशी पोरगं गाडीपेक्षा मोठी गोष्ट शिकतं.

कृषी खात्यातली, केव्हीकेतली, कंपन्यांतली साहेब मंडळी हे पेज वाचतात, म्हणून दोन शब्द त्यांना. साहेब, तुम्ही प्लॉटवर प्रात्यक्षिकाला येता. पेरणी यंत्र कोण चालवतो? दोनदा मी बघितलंय, नववी-दहावीचा पोरगा. तुम्ही त्याचा फोटो काढता, अहवालात लावता, "युवा शेतकरी". पुढच्या वेळी आधी त्याचं वय विचारा. आणि प्रशिक्षण घेता तेव्हा फवारणीचं घेता, ठिबकचं घेता, माती परीक्षणाचं घेता. ट्रॅक्टर ट्रॉलीसह रस्त्यावर कसा न्यायचा, याचं एक दिवसाचं प्रशिक्षण माझ्या तीस वर्षांच्या शेतीत मला कुणी दिलं नाही. केंद्र सरकारची ट्रॅक्टर आणि शेतीयंत्रं शिकवणारी संस्था मध्य प्रदेशात बुदनीला आहे. चांगली आहे म्हणतात. आमच्या ऊसपट्ट्यातला अठराचा पोरगा बुदनीला कधी जायचा? कारखान्याच्या यार्डात हंगामाआधी चार दिवस जागा रिकामी असते. तिथं घ्या. शिकाऊ लायसन आता ऑनलाइन निघतं, आरटीओचा कॅम्प तालुक्याला असतो. त्याच यार्डात अठरा पूर्ण झालेल्या पोरांचे फॉर्म भरून घ्या.

कारखान्यांनाही विचारायला पाहिजे. करार करताना ट्रॅक्टरचं आरसी बुक बघता, विमा बघता. गेटवर रोज येणाऱ्या ड्रायव्हरचं लायसन कोण बघतं? वजनकाट्यावर ज्या खिडकीतून स्लिप घेतात तिथंच लायसन दाखवायला लावा, एका हंगामात निम्मी पोरं खाली उतरतील. पण कारखान्याला ऊस वेळेत पाहिजे आणि आपल्याला नंबर वेळेत पाहिजे, त्यामुळं दोघंही बघत नाही.

माझा पोरगा आता चोवीस वर्षांचा आहे. बाल न्याय मंडळापुढं त्याच्या तारखा झाल्या, समुपदेशन झालं, त्याला कुणी कोंडलं नाही. डिप्लोमा केला, एमआयडीसीत आहे. लायसन काढलं नाही. मी काढ म्हटलं नाही. कामाला बसनं जातो, सणाला एसटीनं येतो, आणि घरात मागच्या गोठ्याकडच्या दारानं येतो, कारण पुढच्या दाराला शेड लागते. सरळ सरी आता आमच्यात कुणाला सोडता येत नाही, भाड्यानं सोडून घेतो.

ज्यानं तो व्हिडिओ टाकला त्याचा काल संध्याकाळी फोन आला. पोराचा मामाच आहे तो. म्हणाला, "तात्या, व्हिडिओ काढला." मी विचारलं, पोरगा उतरवला का? तर म्हणाला, "एवढा हंगाम जाऊ द्या."

हंगाम संपायला अजून अडीच महिने आहेत. त्यांचा ट्रॅक्टर आमच्याच फाट्यावरनं जातो. ट्रॉलीला मागं आणि दोन्ही बाजूंना लावायला रेडियमची गुंडाळी माझ्याकडं पडून आहे, ती उद्या नेऊन देतो आणि पोराच्या बापाशी समोर बसून बोलतो. काय झालं ते इथं लिहीन.

पाचटाचं पुढच्या आठवड्यात.